खाली पाणी नसलेला बर्फ

बागेचा आराखडा सातव्यांदा परत आला तेव्हा ताईने त्याची गुंडाळी सोडलीसुद्धा नाही. टेबलावर आडवी टाकली, लोळू नये म्हणून वर चष्म्याचं घर ठेवलं, चपला काढल्या आणि पाय टेबलाखालच्या खोक्यावर टेकवले. दुपारी तीननंतर तिचे पाय सुजायचे. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट दोन महिने बंद, आणि ‘काम चालू आहे’ ही पाटी तेवढी इमानेइतबारे रोज कामावर हजर.

चोपन्न वर्षांची ती बाई नगरपालिकेच्या उद्यान विभागात आराखडे काढायची. ऑफिसात तिला सगळेच ताई म्हणत, तिच्याहून चार वर्षांनी मोठे असलेले साहेबसुद्धा. लग्न केलं नव्हतं. का, असं कुणी विचारलंच तर म्हणायची, “आधी वेळ नव्हता, आता दम नाही.” म्हातारी आई तिच्याजवळ राहायची.

या बागेचं काम नऊ वर्षं चाललं होतं. पहिल्या आराखड्यात कारंजं होतं, ते काढायला सांगितलं. दुसऱ्यात कारंजं नव्हतं, तर ते कुठे गेलं म्हणून विचारणा आली. तिसरा कुणाच्या तरी कपाटात हरवला आणि चौथा मंजूर झाल्यावर सापडला, त्यामुळे दोन्ही रद्द झाले. पुढच्या दोन्हींत नियम बदलले. या सगळ्यांत एकच गोष्ट पहिल्या दिवसापासून कायम होती. बागेत एक बंदिस्त हॉल असणार होता आणि त्या हॉलमध्ये बारा महिने बर्फावर स्केटिंग करता येणार होतं.

त्याला कारण होतं. गावाच्या कडेला दगडाची एक जुनी खाण होती. खाण बंद पडल्यावर तिच्यात पाणी साठून मोठं तळं झालं. हिवाळ्यात ते गोठायचं आणि अख्खा गाव त्यावर घसरायला जायचा. ताई स्वतः लहानपणी तिथे पडून दात पाडून घेऊन आली होती. पण पुढे पुढे हिवाळे मवाळ होत गेले. बर्फ वरून तसाच दिसायचा, खाली मात्र त्याच्यात जोर राहिला नाही. अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी नऊ वर्षांची एक मुलगी त्यातून आत गेली.

तळ्याला लागूनच फुटबॉलचं मैदान होतं आणि तिथे ताईचा मोठा भाऊ मुलांना खेळ शिकवायचा. तो टपाल खात्यात होता. सकाळी टपाल वाटायचं आणि दुपारनंतर मैदान, असा त्याचा तीस वर्षांचा क्रम. मुलं त्याला मास्तर म्हणायची. हिवाळ्यात खेळ बंद असायचा, पण त्या दिवशी तो मैदानावरचं सामान आवरायला आला होता, आणि ओरडा ऐकून सगळ्यांत आधी तो धावला. पालथा पडून सरपटत गेला, मग पाण्यात उतरला आणि मुलीला वर काढलं. मुलगी वाचली नाही.

त्यानंतर वर्षभरात नगरपालिकेने तळं बुजवून टाकलं. मिळेल तो राडारोडा, माती, पाडलेल्या घरांच्या विटा आत लोटल्या. मुलीची आई बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत कपडे दुरुस्तीचं दुकान चालवायची. तिने काउंटरवर एक वही ठेवली. पँट आखूड करायला आलेला माणूस असो की चेन बदलायला आलेली बाई, आधी वहीत सही, मग माप. गावात मुलांसाठी बर्फाचा हॉल हवा, एवढंच त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं. चार हजार सह्या झाल्यावर ती वही घेऊन ती नगरपालिकेत आली आणि ताईच्या टेबलावर ठेवून म्हणाली, “घाई नाही. पण विसरू नका.”

ताई विसरली नाही, पण घाईही कुणी केली नाही.

सातव्या गुंडाळीबरोबर या वेळी एक कागदाचा गठ्ठा आला होता. जमिनीची तपासणी. ती खरं तर सगळ्यांत आधी व्हायला हवी होती. झाली सगळ्यांत शेवटी, कारण तिची मंजुरी दुसऱ्या खात्याकडे होती. गठ्ठ्याच्या मागोमाग थंडीचा इंजिनिअर आला. हा माणूस गोठवण्याची यंत्रं बसवणाऱ्या कंपनीचा. अंगावर भर उन्हाळ्यातही स्वेटर, त्यामुळे ऑफिसने त्याचं नाव गारठासाहेब ठेवलं होतं. त्यालाही ते माहीत होतं आणि आवडत होतं.

“ताई, हॉल तिथे नाही जमणार,” खुर्ची ओढत तो म्हणाला.

“तिथे म्हणजे?”

“भरावावर. तुम्ही हॉल उत्तरेला काढलाय, म्हणजे बरोब्बर तळ्याच्या जागी. खाली चौदा मीटर नुसता भराव. तो अजून बसतोय.”

ताई डोळ्यांत थेंब घालत होती, ती बाटली तिने खाली ठेवली. “साधी इमारत असती तर?”

“साधी असती तर खांब खोल नेले असते. पण बर्फाच्या खाली काय असतं ते तुम्हाला सांगितलंय मी. सिमेंटची जमीन, तिच्यात वीतभर अंतराच्याही आत शेजारी शेजारी पाइप, पाइपांतून थंडगार द्रव. एवढ्या मोठ्या जमिनीखाली सगळीकडे सारखा आधार लागतो. एका बाजूला बोटभर खचली की पाइप गेले. मग फोडा सगळं.”

“मग कुठे?”

त्याने नकाशावर बोट ठेवायचं टाळलं. पण त्या अख्ख्या जागेत पक्की जमीन एकच होती आणि ती दोघांनाही दिसत होती. फुटबॉलचं मैदान.

ताईने नऊ वर्षं त्या मैदानाला हात लावला नव्हता. प्रत्येक आराखड्यात त्या चौकोनावर हिरवा रंग भरून ‘आहे तसे’ असं लिहिलं होतं. तिने खोडरबर शोधलं. सापडलं नाही. मग आठवलं, गेली सहा वर्षं आराखडे संगणकावरच काढतोय आपण.

रविवारी सकाळी ती दादाकडे गेली. तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून गोलची फाटलेली जाळी सांधत होता. एका हातात लाकडी सुई, जाळीचा ढीग मांडीवरून जमिनीपर्यंत. वहिनीने चहा टाकला.

“आई कशी आहे?” दादाने मान वर न करता विचारलं.

“आहे. सकाळी उठवत नाही, उठली की ऐकत नाही.”

“मंगळवारी येतो मी.”

मंगळवार हा त्याचा आईचा दिवस. तिला आंघोळ घालायला बाई यायची, पण नखं, केस आणि गप्पा दादाकडे.

ताईने कपाची वाट पाहिली, मग वाट पाहण्यात अर्थ नाही असं वाटून बोलून टाकलं. “दादा, हॉल मैदानावर येतोय.”

“कुठल्या मैदानावर?”

“गावात एकच मैदान आहे.”

त्याने गाठ पुरी मारली, ओढून बघितली. “छोटे, तू सांगायला आलीस की विचारायला?”

विचारायला आले म्हणणं सोपं होतं. पण ते निभवायला पुढे जी ताकद लागली असती, ती तिच्यात उरली नव्हती.

“सांगायला,” ती म्हणाली.

“मग सांगून झालं.”

“अहो, चहा तरी घेऊ द्या तिला,” वहिनी म्हणाली.

“घेऊ दे की. मी कुठे तिचा हात धरलाय?”

चहा ताईने उभ्यानेच घेतला. वहिनी जिन्यापर्यंत आली. दार ओढून घेऊन हळू आवाजात म्हणाली, “थंडी पडली की अजून पहाटे उठून तळ्याकडे चक्कर मारून येतात. पाणी नाही, माती आहे, सगळं माहीत आहे त्यांना. तरी जातात. तू मनाला लावून घेऊ नकोस.”

ताईने मान हलवली. जिना उतरताना कठड्याला धरूनच उतरावं लागलं.

नियमाप्रमाणे नागरिकांची सभा घ्यावी लागणार होती. सभेच्या आदल्या दिवशी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

“ताई, तुमचे सख्खे बंधू विरोधात बोलणार आहेत म्हणे. बाहेर चर्चा आहे. तुम्ही उद्या बाजूला राहिलात तर बरं दिसेल.”

“चालेल साहेब. मग आराखडा तुम्ही समजावून सांगा.”

साहेबांनी समोरच्या गुंडाळीकडे पाहिलं. “नाही, तसं काही नाही. तुम्हीच या.”

सभा शाळेच्या मोठ्या वर्गात होती. बाकं लहान मुलांची, त्यामुळे सगळी मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. ताईने पडद्यावर नकाशा दाखवला, भराव म्हणजे काय ते सांगितलं, हॉल मैदानावर का न्यावा लागतोय ते सांगितलं. तिचं बोलणं तिला स्वतःलाच लांबून आल्यासारखं वाटत होतं. इतक्या वेळा बोलून झालं होतं की शब्दांना चव राहिली नव्हती.

मग दादा उठला. तो चिडून बोलेल असं सगळ्यांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही. त्याने खिशातून एक हजेरीपट काढला.

“आठवड्याला एकशे चाळीस मुलं-मुली येतात,” तो म्हणाला. “हिवाळ्यातही येतात. आधी हिवाळ्यात खेळ बंद असायचा. ती मुलगी गेली त्यानंतर मी बारा महिने सुरू केला. मुलं बर्फाकडे जाऊ नयेत म्हणून. अकरा वर्षं एकही मूल गेलं नाही. आता तुम्ही त्यांचं मैदान काढून घेऊन त्याच जागी बर्फ आणताय. हे बरोबर आहे का, एवढंच मला विचारायचं आहे. आराखडा काढणाऱ्या बाई माझ्या बहीण आहेत. त्या खोटं बोलत नाहीत. जमीन खचत असेल तर खचत असेल. पण मग हॉल नको.”

तो खाली बसला. टाळ्या बऱ्याच वाजल्या. ताईला ‘बाई’ हा शब्द लागला, बाकी काही लागलं नाही.

टाळ्या थांबल्यावर मागच्या दाराजवळ दुरुस्तीच्या दुकानातली ती आई उभी राहिली. तिच्या गळ्यात मापाची फीत तशीच होती. दुकान बंद करून थेट आली असावी.

“मास्तर म्हणतात ते खरं आहे,” ती म्हणाली. “त्यांच्यामुळे पोरं लांब राहिली. पण मास्तर किती दिवस पुरणार? आणि नदी आहे, पलीकडच्या गावचं तळं आहे. पोरं बर्फाकडे जातातच. माझी गेली, मी नको म्हटलं होतं तरी गेली. जायचंच असेल तर त्यांना खाली पाणी नसलेला बर्फ द्या. माझं एवढंच म्हणणं आहे.”

ती बसली नाही, तशीच बाहेर गेली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. दादा समोरच्या छोट्या बाकावरचे डाग बघत राहिला.

पुढच्या आठवड्यात नगरसेवकांनी हात वर केले. अकरा बाजूने, नऊ विरुद्ध. हॉल मैदानावर होणार हे ठरलं.

दादाने ताईकडे येणं सोडलं नाही, फक्त वेळ बदलली. मंगळवारी ती ऑफिसात असताना दुपारी यायचा. संध्याकाळी घरी आल्यावर तिला खुणा दिसायच्या. आईची नखं कापलेली, गळका नळ बंद, कोपऱ्यात नीट झाडलेले पांढरे केस. एकदा तिने आईला विचारलं, “दादा काही म्हणाला का?”

आई ब्याऐंशी वर्षांची, कानाने कमी, जिभेने पूर्वीइतकीच. म्हणाली, “तुमची भांडणं मी लहानपणी सोडवत होते. आता माझ्याच्याने होत नाही. तुमची तुम्ही बघा.”

असे चार महिने गेले. मग वीज कंपनीचं पत्र आलं. एवढ्या मोठ्या यंत्रांना लागणारी वीज त्या भागाला देता येणार नाही, नवीन केंद्र व्हायला सहा वर्षं. गारठासाहेबाने स्वेटरच्या बाह्या वर सारून पुन्हा आकडेमोड केली. स्पर्धेचा मोठा हॉल नाही, प्रेक्षकांच्या पायऱ्या नाहीत. शिकण्यापुरता बर्फ, चाळीस मीटर लांब आणि वीस रुंद. साहेबांना उलट हायसं वाटलं. स्पर्धा नाहीत म्हणजे पाहुणे नाहीत, पाहुणे नाहीत म्हणजे भाषणं नाहीत.

ताईने आठवा आराखडा काढायला घेतला. हॉल आकसल्यावर पक्क्या जमिनीवर एक पट्टा मोकळा राहत होता. तिने तो तीन वेळा मोजला. हॉलची भिंत एका बाजूला, गाड्या लावायची जागा दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये पन्नास मीटर लांब, तीस मीटर रुंद असा तुकडा. पूर्ण मैदान नाही, पण लहान मुलांना पुरेल. तिने त्यात गोलचे खांब काढले आणि कुणालाही न दाखवता छपाई केली.

मंगळवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दुपारी दीड वाजता दादा किल्लीने दार उघडून आत आला. हातात केस कापायचं मशीन. ती सोफ्यावर बसलेली पाहून तो दारातच थांबला.

“बरं नाही का तुला?”

“बरं आहे. हे बघ जरा.”

तिने कागद जेवणाच्या टेबलावर पसरला. दादाने मशीन बाजूला ठेवलं, आईला आतून हाक मारून “आलो गं” म्हणाला आणि चष्मा लावून कागदावर वाकला. बराच वेळ बघत होता. ताईने काही समजावून सांगितलं नाही. तिला आता कुणाला काही समजावायचं नव्हतं.

“आडवं काढलंस,” शेवटी तो म्हणाला.

“काय?”

“मैदान. पूर्व-पश्चिम. संध्याकाळचं ऊन थेट गोलकीपरच्या डोळ्यांत जाणार. अर्धा खेळ आंधळा.”

“जागाच तेवढी आहे, दादा. उभं बसत नाही.”

“हे काय आहे मग?”

“पार्किंग.”

“पक्क्या जमिनीवर गाड्या? आणि भरावावर काय?”

“गवत. फुलझाडं.”

“उलट कर की. गाड्या भरावावर ने. गाडी बोटभर खचली तर काय ती रडणार आहे?”

ताई कागदाकडे बघत राहिली. पहिल्या आराखड्यात हॉल उत्तरेला होता, तेव्हा पार्किंग त्याच्या दाराशी, दक्षिणेला होतं. हॉल तिथून हलला, पण पार्किंग ती दाराशी चिकटवतच गेली. गाड्या दाराशी हव्यात असं कधी काळी कुणीतरी म्हटलं होतं. त्या एका वाक्यावर तिने आठ आराखडे काढले होते. वर खडी टाकली असती तर भरावावर हव्या तेवढ्या गाड्या मावल्या असत्या. मैदान उभं बसलं असतं, आणि मोठंही झालं असतं.

“मला दिसलंच नाही,” ती म्हणाली. “इतकी वर्षं समोर आहे आणि मला दिसलं नाही.”

“दमलीयस तू,” दादा म्हणाला. चार महिन्यांतलं त्याचं हे पहिलं असं वाक्य. त्याने खिशातून पेन्सिल काढून तिच्या मैदानावर एक उभा चौकोन काढला, हाताने, थोडा वाकडा. मग पेन्सिल तळ्याच्या जागेवर नेली आणि तिथे थांबला.

“इथे गाड्या लावायच्या म्हणजे,” तो म्हणाला, “तिच्या आईला विचारायला पाहिजे.”

“हो.”

“तू जाशील?”

“तू पण चल.”

दादाने पेन्सिल खिशात ठेवली. अकरा वर्षं तो त्या दुकानावरून कधी गेला नव्हता. टपालाचा तो भाग त्याने दुसऱ्या पोस्टमनशी बदलून घेतला होता, हे ताईला वहिनीकडून माहीत होतं. आतून आई म्हणाली, “केस कापणार आहेस की मी झोपू?” तेव्हा आधी केस कापले गेले, मग दोघं निघाली.

दुकान जेमतेम आठ पावलं लांबीचं. एक मशीन, एक इस्त्री, भिंतीवर दुरुस्त झालेल्या कपड्यांची रांग, प्रत्येकाला चिठ्ठी टाचलेली. ती मशीनवर एका शाळेच्या गणवेशाचा खिसा शिवत होती. दोघांना पाहून पाय थांबवला आणि तोंडातल्या टाचण्या काढून बशीत ठेवल्या. ताईने कागद काउंटरवर, वहीच्या शेजारी पसरला आणि सगळं सांगितलं. हॉल लहान झाला, मैदान वाचतंय, पण त्यासाठी तळ्याच्या जागी गाड्या लावाव्या लागतील.

“तुम्हाला चालणार नसेल तर तिथे गवत राहू दे,” ताई म्हणाली. “बाक ठेवू. तिच्या नावाचा फलक लावता येईल.”

बाईने नकाशा स्वतःकडे वळवून घेतला. बोटाने तळ्याची जुनी कड शोधली.

“फलक नको,” ती म्हणाली. “फलक लावला की लोक तिथे थांबतील. मग मी बाजारात दिसले की माझ्याकडे बघतील. आत्ता कुठे बघायचे थांबलेत. गाड्या उभ्या राहू देत. गाड्यांच्या जागेकडे कुणी बघत नाही.”

“नक्की?”

“नक्की.” मग तिने पहिल्यांदा दादाकडे पाहिलं. “मास्तर, कोटाचं अस्तर लोंबतंय तुमच्या.”

दादाने वाकून बघितलं. खरंच लोंबत होतं. “असू दे, घरी टाकेन टाका.”

“काढा. दोन मिनिटांचं काम आहे.”

त्याने कोट काढून दिला. तिने सुई ओवली आणि अस्तर सरळ करून टाके घालायला लागली. इस्त्रीचा दिवा लागत होता आणि विझत होता. चार-पाच टाके झाल्यावर ती मान न उचलता म्हणाली, “त्या दिवशी तुम्ही तिच्या अंगावर घातलेला कोट माझ्याकडेच राहिला. परत आणून द्यायचा धीर झाला नाही.”

“नको मला,” दादा म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, “मला नको तो.”

“देत नाहीये. सांगितलं फक्त.”

तिने दोरा दातांनी तोडला, कोट झटकला आणि त्याच्या हातात दिला. तो पैसे काढायला लागला तशी ती मशीनकडे वळली आणि पाय चालू केला. बाहेर आल्यावर दादा गल्लीच्या टोकापर्यंत कोट हातावर घेऊनच चालला. टोकाशी आल्यावर त्याने तो अंगात घातला.

“छोटे,” तो म्हणाला, “गोलच्या मागे जाळी उंच घे. नाहीतर चेंडू रोज गाड्यांवर.”

“किती उंच?”

“सहा मीटर.”

“पाच मिळतील.”

“पाच घे.”

आठवा आराखडा मंजूर झाला. त्यात काही खास होतं म्हणून नाही. सगळ्यांनाच कंटाळा आला होता. बांधकामाला अडीच वर्षं लागली. मधल्या काळात साहेब निवृत्त झाले आणि ताईची बदली सांडपाणी विभागात झाली. तिथलं काम तिला बरं वाटलं. गटारांच्या आराखड्यांवर कुणाला मत नसतं. उद्घाटनाला तिला चौथ्या रांगेचा पास आला होता, पण त्या दिवशी तिला सर्दी होती आणि ती घरी झोपून राहिली.

मैदान उभं झालं. जुन्यापेक्षा बरंच लहान, त्यामुळे मोठी मुलं पलीकडच्या गावात जायला लागली आणि हजेरीपटावरचा आकडा नव्वदवर आला. दादाने आणखी एक हिवाळा शिकवलं, मग गुडघ्याने ऐकेनासं केलं. त्याच्याच हाताखाली खेळलेली एक मुलगी आता दवाखान्यात नर्स होती, तिने शिट्टी घेतली. दुरुस्तीच्या दुकानातली आई हॉलमध्ये आत कधी आली नाही. काउंटरवरची वही तिने उचलून ठेवली आणि त्या जागी बटणांची बरणी आली, एवढं ताईला दिसलं.

हॉल सुरू होऊन वर्ष झाल्यावर एका बुधवारी दुपारी आईनेच विषय काढला. “ते तुझं बर्फाचं काय झालं? दाखवत का नाहीस?”

मग ताई आणि दादा तिला चाकाच्या खुर्चीत बसवून घेऊन गेले. दोन शाली, पायांवर कांबळं. आत कठड्याजवळ खुर्ची लावली. शाळेचा एक वर्ग आला होता. पंधरा-वीस मुलं कठड्याला धरून पुढे सरकत होती, हात सोडत होती, पडत होती, पुन्हा उठत होती. काहींनी ढोपरांना उश्या बांधल्या होत्या. गारठासाहेब कुठेतरी मागे यंत्रांशी होता, त्याने काचेतून हात केला. स्वेटर इथे पहिल्यांदाच जागेवर वाटत होता.

आईने दहा मिनिटं बघितलं.

“किती पडतात गं ही पोरं.”

“शिकतायत, आई.”

“आणि एवढ्यासाठी तू एवढी वर्षं घालवलीस?”

ताईने उत्तर शोधलं. सापडलं ते छोटंच होतं. “हो.”

“बरं,” आई म्हणाली. “मला गार लागतंय. चला घरी.”

दादाने खुर्ची वळवली. दारापासून रस्त्यापर्यंत चढाव होता. अर्ध्यावर तो थांबला आणि एक हात गुडघ्यावर ठेवला.

“चढ जास्त झालाय,” तो म्हणाला.

“नियमात आहे.”

“असेल.”

ताईने खुर्चीची एक मूठ आपल्या हातात घेतली. आई दोघांच्या मध्ये डोळे मिटून बसली होती. खुर्चीचं डावं चाक कुरकुरत होतं. त्याला तेल घालायला हवं, दादा म्हणाला, मंगळवारी घालतो. ताई म्हणाली, मंगळवारी मी उशिरा येईन, तेलाची बाटली टेबलावर काढून ठेवते. आणि तसंच बोलत, मध्ये मध्ये थांबत, ती दोघं खुर्ची वर रस्त्यापर्यंत घेऊन गेली.